मेहुण्याशी भागीदारी

कवळीवाल्या,

तू गेलास म्हणून तुझी स्तुती करणार नाही. मूर्ख होतास, आणि थोरल्या बहिणीला ते हक्काने म्हणता येतं.

बावीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात तू लोकांच्या कवळ्या घडवल्यास. प्रत्येक तोंडाचा साचा वेगळा, त्यावरची चिठ्ठी वेगळी. कधी सरमिसळ नाही. मग स्वतःचा धंदा काढायचं ठरवलंस आणि माझ्याकडे आलास, कारण मी जन्मभर कॉलेजात वाणिज्य शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तीनदा समजावलं. एकट्याच्या नावावर काढलास तर नफा तुझा, बुडालं तरी तुझंच. भागीदारीत दुसऱ्याने केलेलंही तुझ्या गळ्यात. कंपनीला कागद जास्त, पण धंदा बुडाला तरी घर सहसा वाचतं.

"मग कंपनीच," म्हणालास. आणि आठ दिवसांनी मेहुण्याबरोबर भागीदारीच्या कागदावर सही करून आलास.

"ताई, त्याला पगारावर ठेवलं असतं तर ही रुसली असती. माझ्या भावाला नोकर केलं म्हणाली असती."

"मग कंपनीतच हिस्सा द्यायचास!"

"कागद फार गं. आणि घरच्या माणसात कसले कागद?"

"घरच्यांतच लागतात. परक्याशी आपण तसेही जपून वागतो."

"तू लग्नातसुद्धा पावती मागशील."

"मागायलाच हवी होती. मेहुणा परत करता आला असता."

हसलास. तेवढंच काय ते हसलास.

कवळ्या तू करायचास, बाहेरचं मेहुणा बघायचा. दंतवैद्यांकडून बिलाबरोबर कर यायचा. तो सरकारचा, आपल्याकडे नुसता मुक्कामाला. मेहुण्याने तीन वर्षं तो गिळला. वर फर्मच्या नावावर मोठं कर्ज उचललं आणि पसार झाला. नोटीस आली तेव्हा तू ती उलटसुलट करून पाहिलीस.

"पण यावर माझी सही कुठाय?"

"फर्मची आहे ना? मग तुझीच."

यंत्रं विकून कर कसाबसा भागला. कर्जाने घर नेलं. सामान निघताना तुझी बायको ना भिंतींकडे बघत होती, ना तुझ्याकडे. तू परत जुन्या कारखान्यात लागलास, ज्याला मेण वितळवायला शिकवलंस त्याच्याच हाताखाली. तिथेच एका दुपारी कवळी घासता घासता खाली बसलास, तो उठलाच नाहीस.

आता माझं ऐक. मेहुण्याने कर्ज काढण्याच्या दोन महिने आधी तुला त्याच्या लबाडीचा वास लागला होता. तू आलास आणि मी पत्र लिहून दिलं: आजपासून मी भागीदारीतून बाहेर. सही केलीस. सोमवारी दोघांनी जाऊन ते नोंदणी कार्यालयात आणि बँकेत द्यायचं ठरलं. दिलं असतं तर मागचा कर सुटला नसता, पण घर राहिलं असतं.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून आलास आणि उंबऱ्यावरच म्हणालास, "ताई, त्याला ताप आहे. आजारी माणसाच्या पाठीमागे नको. पुढच्या सोमवारी जाऊ."

मी चप्पल घालून तयार होते. डोकंच फिरलं. "तुझं तू बघ. मला पुन्हा बोलवू नकोस," म्हटलं आणि दार लावलं.

पुढच्या सोमवारी तू आला नाहीस. मीही निघाले नाही. पत्र माझ्याच पर्समध्ये होतं.