काचेमागचा माणूस

सीटी स्कॅनचं यंत्र चालवणारा माणूस स्वतः जाड काचेमागे बसतो, हे आज पाहिलं. माझी सहा वर्षांची सुमी झोक्यावरून डोक्यावर पडली, म्हणून तिला नेलं होतं.

सासरे त्या माणसाला म्हणाले, "आलोच आहोत, तर छाती-पोटाचाही स्कॅन काढून घ्या. नातीसाठी हात आखडायचा नाही."

आमच्या घरात माया अशीच करतात. ताटात वाढायचं ते जास्तच. पण ही काही खीर नव्हे. यंत्रातले क्ष-किरण दिसत नाहीत, म्हणून अंगात शिरत नाहीत असं थोडंच आहे? मग ती काच कशाला?

सासऱ्यांपुढे मी कधी बोलत नाही. आज बोलले. "नको, मामंजी. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं डोकंच. आणि दादा, किरण पोरीच्या मापाचे ठेवा."

"लहानांना कमीच ठेवतो, ताई," तो म्हणाला.

"सूनबाईंना तोंड फुटलं वाटतं!" सासरे म्हणाले.

फुटलं. मग त्या यंत्रवाल्याने आम्हाला बाहेर काढून दार लावलं, तो काचेमागे गेला आणि आत सुमी एकटी उरली. तिच्यापुढे काच नव्हती. म्हणून मी बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.