मावशीला खाली बसायचं होतं

सकाळी डबा भरत होते, तेव्हा दादरच्या वृद्धाश्रमातून फोन आला. सिस्टरनं आधी 'घाबरू नका' म्हटलं आणि मग सांगितलं, मावशी गेली. घाबरण्यासारखं आता उरलं काय होतं... डबा तसाच ठेवून मी निघाले.

जनामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. हयातभर भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून तिनं लालबागच्या बाजारात विकली, बुटक्या पाटावर बसून, एक पाय दुमडून, एक गुडघा उभा. घोडपदेवच्या आमच्या खोलीतही जेवायला, भांडायला, डुलकी काढायला तिला जमीनच लागायची. खुर्ची पुढे केली की म्हणायची, दात काढून घ्यायचेत काय माझे?

मग अर्धं अंग गेलं. घरात तिला उचलणारं कोणी नाही, म्हणून दादरला ठेवली. तिथली माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. खुर्ची पलंगाला खेटून लावायची, ब्रेक दाबायचा, कमरेला रुंद पट्टा बांधायचा, दोघींनी दोन बाजूंनी धरून 'मावशी, पुढे वाका' म्हणत उभं करायचं आणि वळवून अलगद बसवायचं. दंडाला धरून कुणी कधी ओढलं नाही. पण पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग, एवढंच तिचं जग उरलं. मी गेले की तिचं एकच मागणं, "मना खाली बसव गो, बाय." सिस्टर समजावायच्या, जमिनीवरून उठवायला चौघं लागतात आणि पाळीला आम्ही दोघीच असतो. त्यांचंही खरं होतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

एका दुपारी चादर धरून ती आपली आपण घसरत खाली आली. धावत आलेल्या सिस्टरला ती पलंगाला टेकून, चांगला गुडघा उभा करून बसलेली दिसली. सगळे म्हणाले, पडली.

"पडली नाय मी. उतरली."

कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून पलंगाचे दोन्ही कठडे कायम वर. त्यातून हात खाली सोडून ती लादी चाचपायची, पण हात पोचायचा नाही. तो कठडा उपटून फेकावा असं वाटायचं, आणि मी पेज भरवून घरी यायचे.

ती गेली त्या दिवशी ॲम्ब्युलन्स चाळीखाली थांबली, तर न बोलावता चौघं पुढे आले. चादरीची टोकं धरून, एकमेकांना 'सांभाळून' म्हणत त्यांनी तिला वर आणलं आणि रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवलं. तेव्हा मी रडले, तोवर रडले नव्हते.

तिचा पाट मोरीजवळ भिंतीला टेकवलेला आहे. पाहुण्यांना मी खुर्ची देते, पाट कुणाला देत नाही. मासळी साफ करायला त्यावर मीच बसते, गुडघा उभा करून... उठताना हल्ली भिंत धरावी लागते.