तीन नंबर खोलीतला उजेड आणि वॉटफर्डचा घट

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यापर्यंत थांबले तर मीच स्वतःला पटवून देईन की असं काही झालंच नाही. वॉटफर्डहून रीडिंगला माझ्या घरी परत चाललेय, ट्रेनमध्ये टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मी गांजा पिकवते. हो, गांजाच. लायसन्सवर, कायदेशीर, औषधासाठी. इथे इंग्लंडमध्ये स्पेशालिस्ट डॉक्टर काही पेशंटना तो लिहून देतात. पुण्याला घरी "फार्मा कंपनी" एवढंच माहितीये. आई शेजारणींना सांगते, "औषधी रोपं लावते ती, तुळशीसारखं काहीतरी."

आमची साइट बाहेरून साधं गोडाऊन वाटते. खिडकी नाही, बोर्ड नाही, पत्ता कुणाला सांगायचा नाही. आत फुलांवर आलेल्या झाडांच्या खोल्या. या झाडांना अर्धा दिवस लख्ख उजेड लागतो आणि अर्धा दिवस गच्च अंधार. वीज रात्री स्वस्त, म्हणून आमच्याकडे दिवस रात्री उगवतो आणि रात्र दुपारी होते. त्या अंधारात जरासा जरी उजेड शिरला तरी झाडं घाबरतात आणि बिया धरतात, मग अख्खी खोली वाया. म्हणून आत जायचं तर डोक्याला हिरवा दिवा लावून, कारण हिरवा उजेड झाडांना फारसा कळत नाही. आणि एकट्याने कधीच जायचं नाही, कायम दोघांनी.

माझी बॉस मराठी आहे, साताऱ्याची. मी तिला ताई म्हणते. लायसन्सवर जबाबदार माणूस म्हणून तिचं नाव आहे. आज सरकारी इन्स्पेक्शन होतं, लायसन्स रिन्यू करायचं की नाही ते ठरवणारं. नाही म्हणाले तर सगळी झाडं श्रेडरमध्ये, पेशंटचा माल बंद आणि आम्ही सगळे घरी.

आणि नेमकं नवरात्र.

ताईकडे घट बसतात. परातीत माती, त्यात पेरलेलं धान्य, मधे कलश, शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. घट बसले की घर बंद ठेवायचं नाही, कुणीतरी घरात हवंच. दरवर्षी सासूबाई असतात, पण यंदा त्या भारतात आहेत. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्याला सुट्टी नाही. पहिले तीन दिवस ताईने रजा काढली, पण इन्स्पेक्शन तोंडावर आलं म्हणून काल पहिल्यांदाच घराला कुलूप लावून आली. दिव्यावर काचेची चिमणी ठेवली आणि समोर कॅमेरा लावला.

"फोनवर बघत राहीन गं. तेवढं चालतं देवीला."

"ताई, देवीला वायफाय आहे का?"

"गप बस. हात धुतलेस का?"

काल दुपारी, म्हणजे आमच्या मध्यरात्री, तीन नंबर खोलीच्या स्क्रीनवर उजेडाचा आकडा हलला. तो कायम शून्य असतो. दार बंद, दिवसभरात कुणी आत गेलेलं नाही. आम्ही दोघींनी पांढरे सूट चढवले, हिरवे दिवे लावले आणि आत गेलो. ती खोली मला तशीही कधी आवडत नाही. माणसाएवढी झाडं, सगळी हिरवी-काळी, आणि दमट इतकं की आपल्या आधीच कुणीतरी तिथे श्वास घेत होतं असं वाटतं.

ताई म्हणाली, "दिवा बंद कर." केला.

शेवटच्या रांगेमागे भिंतीवर पिवळसर उजेड होता. कुठून येतोय ते दिसत नव्हतं. ना बल्ब, ना फट. आणि त्या उजेडात पानांच्या सावल्या हलत होत्या. दिव्याची ज्योत फडफडली की हलतात ना, तशा.

पानं हलत नव्हती.

"पंख्यामुळे असेल," मी म्हणाले.

"पंखे मी बंद केलेत," ताई म्हणाली. तिने हात जोडले होते.

फोन आत न्यायला बंदी आहे. बाहेर येऊन तिने लॉकरमधून फोन काढला, घरचा कॅमेरा उघडला. स्क्रीन काळी. दिवा विझला होता.

ती गाडी काढून थेट घरी गेली. मी स्क्रीनसमोर बसून राहिले. "लावला" असा तिचा मेसेज आला, मी मान वर केली आणि आकडा परत शून्य.

अंगावर काटा आला हो! ताईने लायसन्सवाल्यांना सगळं रीतसर कळवलं, लपवायचा प्रश्नच नव्हता. पण कळवणार काय? उजेड दिसला, कारण सापडलं नाही. बंद खोलीत कारण न सापडणारा उजेड म्हणजे कुणीतरी आत घुसलं होतं, असाच अर्थ कुणीही काढेल. इन्स्पेक्टर ती खोली नक्की बघणार. तेव्हा पुन्हा दिसला तर लायसन्स गेलं.

संध्याकाळी तिचा फोन. "उद्या तू साइटवर येऊ नकोस. माझ्या घरी बस. घटापाशी. दिवा विझू द्यायचा नाही."

"ताई, तुम्हाला खरंच वाटतं की..."

"मला काही वाटत नाही. तू बस."

म्हणून आज मी वॉटफर्डला. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. परातीतले कोंब बोटभर वाढलेले, अंधाऱ्या कोपऱ्यात वाढल्यामुळे पिवळे, बिनरक्ताचे. मी तेल घातलं, वात सारली आणि बसले. दुपारी ताईचा मेसेज आला, "तीन नंबरला जातोय." मग तिचा फोन लॉकरमध्ये.

आणि ज्योत ताठ झाली. हीटरच्या वाऱ्याने पडदा हलत होता, पण ज्योत रेघ मारल्यासारखी उभी. मग खिडक्यांच्या काचा आतून धुरकटायला लागल्या. खोली दमट झाली. आणि वास आला. फुलावर आलेल्या झाडांचा वास, तीन नंबरचा, इतका दाट की घशात बसला. मी माझे कपडे हुंगले. साबणाचा वास. बॅग हुंगली, काही नाही. वास परातीकडून येत होता.

तेवढ्यात दारावर ठोठावलं.

शेजारचे गोरे आजोबा. चेहरा तांबडा. "हे बघ पोरी, गल्लीभर वास सुटलाय. तू आत काय ओढतेयस? मी पोलिसांना फोन करतो."

लायसन्सवर जिचं नाव, तिच्या घरातून इन्स्पेक्शनच्या वेळी गांजाचा वास, आणि पोलीस!

"पूजा आहे," मी म्हणाले. "आमच्या देवीची."

"देवी हे ओढते?" म्हणत ते आत डोकावले. अंधारा कोपरा, दिवा, माती, पिवळे कोंब. "आणि ते काय उगवलंय?"

"गहू."

"गहू. दिवाणखान्यात."

"दरवर्षी असतो. तुम्हीच बघा ना." दुसरं काय बोलणार! ते आले, बूट न काढता, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि लांब श्वास घेतला. मी डोळे मिटले.

"विचित्र आहे," ते म्हणाले. "आता येत नाहीये."

खरंच येत नव्हता. एका श्वासात गेला होता. ज्योत पुन्हा साधी, लुकलुकणारी. आजोबा परातीपासून मागे सरले, माझ्याकडे न बघता सॉरी म्हणाले, आणि दार ओढून घेतानाही त्यांनी परातीकडे पाठ केली नाही.

थोड्या वेळाने ताईचा फोन. हसत होती, रडत होती. "झालं गं! रिन्यूची शिफारस करतोय म्हणाला! अंधारात बराच वेळ उभं केलं आम्हाला, ठिपकासुद्धा नाही दिसला. आणि आमच्या फिल्टरवर तर जाम खूश. म्हणे इतक्या साइट बघितल्या, फुलांनी भरलेल्या खोलीत अजिबात वास नाही, असं पहिल्यांदाच बघतोय."

मी परातीकडे बघितलं.

"ऐकतेयस ना?"

"ताई, वास इकडे होता."

तिने तिकडचं दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "कोंबांना हात लावलास?"

"नाही."

"लावू नकोस. अजून चार माळा आहेत. लायसन्स हातात यायचंय अजून. उद्या पण येशील?"

मी हो म्हणाले. तिचा नवरा आला तेव्हा निघाले. पण मला खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी असं परक्या घरात घट राखत एकटं बसलंय का? तुम्हाला कधी दूरच्या, बंद जागेचा वास आलाय का?