अर्ध्या धावपट्टीवर चाळीस

त्यांना सगळे मास्तरच म्हणत. एकतीस वर्षं ते छोट्या विमानांच्या शाळेत उड्डाण शिकवत होते, आणि हल्ली त्यांना बोलायचाही कंटाळा यायचा. तीच धावपट्टी, तीच वाक्यं. "वेगाचा काटा पंचावन्नावर आला की विमान उचलायचं. पण अर्ध्या धावपट्टीवर ती पांढरी फळी आहे ना, तिथं चाळीस नसले तर थांबायचं. विचार करत बसायचं नाही."

त्या दुपारी एक दंतवैद्य आला. वर्षभरापूर्वी मास्तरांच्याच हाताखाली शिकून त्यानं परवाना मिळवला होता. त्याला बायकोला आणि मेहुण्याला वरून गाव दाखवायचं होतं. विमान चार जणांचं, टाक्या काठोकाठ भरलेल्या, आणि ऊन मी म्हणत होतं.

"या उन्हात हवा पातळ होते, डॉक्टर. एवढं वजन उचलणार नाही," मास्तर म्हणाले. "मेहुण्यांना खाली ठेवा, नाहीतर उद्या सकाळी सहाला या."

"अहो, ते रजा काढून आलेत. तुम्हीच शेजारी बसा ना, मग कसली भीती?"

एरवी मास्तरांनी त्याला सरळ वाटेला लावलं असतं. पण सकाळपासून चार विद्यार्थ्यांपुढे घसा कोरडा झाला होता. "बरं, चला," ते म्हणाले. आपलंही पंच्याऐंशी किलो वजन त्यात पडतंय, हे त्यांना पट्टा लावताना सुचलं. तरी त्यांनी पट्टा सोडला नाही.

विमान धावायला लागलं. फळी मागे गेली तेव्हा काटा जेमतेम चौतिसावर होता.

"थांबा, डॉक्टर."

"होईल, होईल," म्हणत दंतवैद्यानं थोडं पुढं जाऊन नाक उचललं. चाकं सुटली, विमान झोकांड्या खाऊ लागलं आणि धोक्याचा भोंगा किंचाळला. "सोडा!" मास्तरांनी इंजिनाचा जोर काढून घेतला, नाक खाली केलं, चाकं आपटताच ब्रेक दाबले. विमान थांबलं तेव्हा कुंपण वीस पावलांवर होतं.

"उतरलो? एवढ्यात?" मागून मेहुण्यानं विचारलं. दंतवैद्याची बायको रडायला लागली.

"चुकलंच माझं," दंतवैद्य म्हणाला.

"माझं आधी चुकलं," मास्तर म्हणाले.

घरी मास्तरांची बायको कपड्यांना इस्त्री करत होती. "काय हो, चेहरा असा का पडलाय?"

"आज नाही म्हणायचा कंटाळा आला, म्हणून हो म्हणालो." मग त्यांनी सगळं सांगितलं.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "मग काही दिवस शिकवू नका."

"एवढ्यावरून?"

"हे एवढंसं आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी झालं ते लिहून शाळेच्या मालकीणबाईंना दिलं. सोबत महिन्याच्या रजेचा अर्ज होता.

"विद्यार्थ्यांचं काय करू, मास्तर?"

"बघा काहीतरी," ते म्हणाले. घरी जाऊन ते झोपले, ते थेट संध्याकाळी उठले. अंग तरीही दुखतच होतं.