काकांनी निवडून काढलेली कोंबडी

३१ ऑक्टोबरला काकूंनी पंधरवड्याच्या अंडीविक्रीचा हिशेब मांडला, तेव्हा हाती एकशे बारा रुपये आले. आधीच्या पंधरवड्यात सहाशे चाळीस आले होते. तरी काकूंच्या कपाळावर आठी नव्हती. परसात नऊ कोंबड्या होत्या आणि जिकडेतिकडे पिसं, जणू कुणी उशीच फाडली होती.

गल्ली त्यांना काकूच म्हणे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या दारी खुराडं. अकरा वर्षं दोन्हींचा कारभार एकटीचा. निवृत्त झाल्यापासून काकांना मात्र त्यात लक्ष घालायची हुक्की आली होती.

"अगं, नऊ जणी बसून खातायत. रोग शिरलाय."

"डोळे बघा कसे लख्ख आहेत. रोगबिग काही नाही. दिवस लहान झाले की जुनी पिसं टाकतात. खाल्लेलं सगळं नव्या पिसांत जातं, मग अंड्याला उरणार काय? दोन-तीन महिने कळ काढा."

"आणि तोवर फुकट पोसायच्या?"

"फुकट नाही, जास्त घालून," म्हणत काकूंनी सुक्या मासळीचा चुरा दाण्यात मिसळला.

दुसऱ्या दिवशी काकू अस्तराचं कापड आणून परतल्या, तर खुराड्यात आठच.

"ती अर्धी सोललेली चिकनवाल्याला दिली," काका ऐटीत म्हणाले. "एकशे नव्वद मिळाले! आपल्या राणी कोंबडीला हात लावला नाही हां. कशी गुटगुटीत आहे."

काकांची बत्तीस वर्षं गोदामात गेली होती. फाटकं पोतं आधी बाहेर, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"अहो, ती शेवटपर्यंत अंडी देत होती! मग आठवड्यात सगळी पिसं झाडून मोकळी झाली. अशी कोंबडी लवकर भरून येते. तुमची राणी ऑगस्टपासून एकेक पीस टाकत मिरवतेय, आणि तेव्हापासून अंड्यांच्या नावानं शंख. चला, उठा."

राणीला काखोटीला मारून काकू दुकानात पोहोचल्या. पिंजऱ्यात ती बोडकी अजून जिवंत होती.

"काकू, रोगट माल परत नेता?" चिकनवाला हसला.

काकूंनी पंखाखालची कातडी दाखवली. नव्या पिसांचे काट्यांसारखे निळसर कोंब दाटीनं वर आले होते. "रोगट कोंबडीला हे फुटतं? हिच्या बदल्यात राणी घे, वजन कर."

राणी दोनशे चाळीसला गेली. चिकनवाल्यानं गल्ला चाळला. "वरचे पन्नास उद्या देतो, सुटे नाहीत."

वाटेत काकांच्या हातात बोडकी किंचाळली.

"दाबू नका, कोंब दुखतात."

काकांनी पकड सैल केली. दुसऱ्या दिवसापासून मासळीचा चुरा तेच मोजून घालू लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

चार जानेवारीला बोडकीनं अंडं दिलं. महिनाअखेर ती आठवड्याला पाच अंडी देऊ लागली.

चिकनवाल्याकडून पन्नास रुपये अजून यायचे आहेत.