उकळलेल्या पाण्याची कावीळ

उकळलेलं पाणी पिऊन कावीळ झालेला सातपुरातला मी एकमेव माणूस असेन.

ऐंशी-एक्क्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या कामगार कॉलनीच्या नळात गटाराचं पाणी मिसळलं आणि चार-दोन घरांत पोरं पिवळी पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी उकळून प्या, हे घरोघर सांगायला कोणीतरी हवं." मी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी मोकळाच, शिवाय बोलायची भारी हौस! मी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू लागलो. हंड्यात बोट बुडवायचं आणि ओरडायचं, "हे उकळलेलं नाही, कोमट आहे!" (बोट बुडवू नये, हे बाईंनी मला नंतर सांगितलं.)

शेजारच्या पगारेकाकू एक दिवस भडकल्याच.

"रॉकेल काय तू देणार? अर्धा स्टोव्ह तुझ्या पाण्यापायी जातोय!"

"काकू, आमच्याकडे आई रोज उकळते. आहे कुणाला कावीळ?"

"बरं. तुमच्या घरात कुणाला झाली ना, तर आख्ख्या कॉलनीनं उकळणं बंद. कबूल?"

"कबूल!" मी छाती पुढे काढून म्हणालो. जिन्यातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं.

पावसाळा सरत आला आणि माझं अन्नावरचं मन उडालं. भात बघितला तरी मळमळायचं. एका सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं, तर डोळे शेवंतीसारखे पिवळे! काकूंना दिलेला शब्द आठवला. मी बरा झालो असतो हो, पण कॉलनीने पाणी उकळणं सोडलं असतं आणि पुन्हा पोरं आजारी पडली असती. त्यात नेमकी त्याच संध्याकाळी गणपतीच्या मांडवात माझी सभा!

मी काळा गॉगल चढवून गेलो.

"संध्याकाळचा गॉगल कशाला रे?" काकूंनी विचारलंच.

"डोळे आलेत."

पुढची रांग ताबडतोब मागे सरकली. मी तावातावाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला घेरी येऊन माइकसकट खाली बसलो. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनी गॉगल काढला.

"पिवळा!" काकू किंचाळल्या. "बायांनो, उकळणं बंद!"

"थांबा हो." बाई माझ्या आईकडे वळल्या. "पाणी उकळता ना?"

"चांगलं खळखळून!"

"मग?"

"मग विसण घालते."

"विसण?"

"नळाचं गार पाणी हो! आंघोळीच्या पाण्यात नाही का घालत? हा कामावरून आला की तांब्या मागतो आणि गरम म्हणून बोंबलतो. जीभ पोळली म्हणजे?"

"घरात सगळ्यांनाच घालता?"

"छे! बाकीचे पाणी निवेपर्यंत थांबतात. यालाच दम नसतो."

मांडव हसून लोळला. मला कुठे तोंड लपवू असं झालं! काकूही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांनी शेजारणीला हळूच विचारलं, "तू घालतेस का गं विसण?" शेजारीण पदर सारखा करू लागली. मग दुसरीला विचारलं, ती मांडवाची झालर बघू लागली. शेवटी काकूच म्हणाल्या, "मी पण घालते की!" निम्मी कॉलनी विसण घालत होती. उकळणं बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, उलट घरोघर निवत ठेवलेल्या हंड्यांवर झाकणं आली.

मी खाटेवर पडून होतो, तेव्हा डॉक्टरीणबाई बघायला आल्या.

"पलीकडच्या कॉलनीत सभा आहे. याल?"

मी उठूनच बसलो. "भाषण तयार आहे!"

"भाषण नको. नुसता गॉगल काढून उभे राहा. आणि लवकर या, पिवळेपणा उतरायच्या आत!"

गेलो. तोंडातून एक शब्दही न काढता केलेलं ते माझं सर्वांत गाजलेलं भाषण.