उंचवटा नव्हे, टेंबी

नव्वदच्या दशकात मी वाशीतल्या एका छोट्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे. मी सातारची, त्यामुळे डोंगरांच्या बाबतीत माझा तोरा विचारूच नका. धार कुठे संपते, सोंड कुठे सुरू होते, माची कशाला म्हणायचं नि टेकाड कशाला, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. आमचे साहेब रत्नागिरीकडचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "आमच्या घरामागे सडा आहे." मी फिस्सकन हसले. "रोज घालता, की सणावारालाच?" त्यांच्याकडे सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, हे मला काय माहीत! साहेब पुढे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग नव्या शहरासाठी द्रोणागिरीच्या बाजूच्या खाडीकाठाचं काम आलं. नकाशावर तीनच शब्द चालायचे: डोंगर, टेकडी, उंचवटा. पहिले दोन राखायचे. उंचवटा मात्र कापायचा आणि त्याची माती भरावाला न्यायची. खाडीकाठच्या एका गावाला लागून जरासा चढ होता. चढ कसला, आमच्याकडे त्याला कुणी नावही दिलं नसतं. मी बेधडक 'उंचवटा' लिहून टाकलं.

नावं तपासायला गावात गेले, तेव्हा एक म्हातारे बाबा भेटले. आख्खा जन्म मिठागरात गेलेला, तळपाय मिठानं फाटलेले. नकाशातल्या त्या चढावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिवलंस, बाय?"

"उंचवटा."

"ती टेंबी हाय."

"टेंभा ऐकलाय मी. मिरवायचा असतो," मी म्हटलं. मला तेव्हा स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक.

बाबा हसले नाहीत. उंचवटा लिहिलं की पुढे काय होतं, ते त्यांनी विचारून घेतलं. सपाट करतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग उधानाला आमी जायचं कुठं?" मग म्हणाले, "अवसेला ये. बग. मग लिव."

मी गेले. म्हातारा बोलावतोय म्हणून कमी, साइटवरची हजेरी म्हणून जास्त. भर दुपारी भरती चढली आणि बघता बघता खाडीचं पाणी बांधावरून आत शिरलं. खाचरं गेली, पायवाट गेली. मी नकाशाची गुंडाळी डोक्यावर धरून त्या चढाकडे पळत सुटले. वर सगळं गाव होतं. म्हशी होत्या, सुकटीच्या टोपल्या होत्या, दोन चुलींवर भात शिजत होता, आणि एक ओली बाळंतीण सावली धरून निवांत बसली होती. कुणालाही कसलं टेन्शन नाही! चारी बाजूंना पाणी आणि मधे आम्ही कोरडे.

बाबा म्हणाले, "उंच हाय म्हनून न्हाय, बाय. बुडत न्हाय म्हनून टेंबी."

मला इतकी लाज वाटली! मी आयुष्यभर डोंगर पायथ्यापासून वर मोजत आले. या माणसांनी पाण्यावरून मोजलं होतं, आणि त्या मोजमापाला चपखल शब्द करून ठेवला होता. माझा सगळा सातारी तोरा त्या वीतभर चढावर उतरला.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले. "उंची किती?" त्यांनी विचारलं.

"बुडत नाही एवढी."

"असा रकाना नाही आपल्याकडे. आणि एका शब्दानं काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर बदलू द्या की!" मी ओरडलेच.

साहेबांनी चष्मा काढला. "माझ्या सड्याला हसलीस तेव्हा कुठे होती ही अक्कल?"

"चुकलंच माझं," मी म्हटलं.

त्यांनी खणातून ब्लेड काढलं आणि माझी शाई स्वतः खरवडून काढली. "लिही. टेंबी. आणि शेजारी लिही, कापू नये." एवढं मोठं मन त्या माणसाचं, आणि मी त्याला सड्यावरून चिडवत होते.

वरच्या ऑफिसानंही ते मान्य केलं. टेंबीची एक पाटीही माती कुणी उचलली नाही.

तीन-चार वर्षांनी मुद्दाम अवस बघून गेले. टेंबी दिसेचना. आजूबाजूला भराव घालून जमीनच एवढी वर आणली होती, की ती नव्या रस्त्याच्या कडेला सपाट होऊन गेली होती. गाव मात्र खाली खड्ड्यात राहिलं होतं. अंगणांत गुडघाभर पाणी, कोरडं असं काय ते वर, रस्त्यावर. आम्ही लिहिलं होतं तसंच झालं होतं, कुणी काही कापलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

बाबा म्हशी घेऊन रस्त्याच्या मधोमध बसले होते, शेजारी बायका, टोपल्या, चुली. मला बघून म्हणाले, "रडतेस काय? ही काय, हीच आता टेंबी." आणि हातानं डांबर थोपटलं.

मागे ट्रकांची रांग लागली होती. एक ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "ओ बाबा, रोड आहे हा! म्हशी हटवा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नकाशेवाली ना? सांग त्याला."

मी डोळे पुसले आणि ट्रकसमोर जाऊन उभी राहिले. "रोड नाही, टेंबी आहे ही," मी म्हटलं. "पाणी उतरेपर्यंत थांबा."